टिनमधलं सूप: टिकतं कशानं, मीठ किती, फुगलं तर काय

परदेशातून येणाऱ्या मुलांच्या बॅगांतून आणि आता सदर-धरमपेठच्या मोठ्या दुकानांतूनही सूपचे टिन नागपूरच्या स्वयंपाकघरात पोचू लागले आहेत. त्यांच्याबद्दल आलेली पत्रं थोडी आखूड करून या वेळच्या सदरात घेतली आहेत.

मुलानं अमेरिकेहून टमाटर सूपचे सहा टिन आणले. एक फोडला तर आत चटणीसारखा दाट गोळा, आणि खारट इतकं की खाववेना. माल खराब निघाला का? सासूबाईंना बीपी आहे, त्यांना देऊ का?
— एक गृहिणी, प्रतापनगर

माल चांगला आहे. ते 'कन्डेन्स्ड' म्हणजे आटवलेलं सूप आहे, तसंच खायचं नसतं. गोळा पातेल्यात काढा, त्याच रिकाम्या टिननं एक टिन पाणी मोजून घ्या आणि थोडंथोडं घालत घोटत जा. सगळं पाणी एकदम ओतलं तर गुठळ्या राहतात. साधारण ३०० ग्रॅमच्या टिनचं असं ६०० मिली सूप होतं.

सासूबाईंसाठी लेबलवरचा सोडियमचा आकडा शोधा. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण तो आकडा अख्ख्या टिनचा नसतो, एका 'सर्व्हिंग'चा असतो. अमेरिकन आटवलेल्या सूपची सर्व्हिंग म्हणजे अर्धा कप दाट सूप, आणि एका टिनमध्ये अशा अडीच सर्व्हिंग निघतात. समजा लेबलवर ७०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. ७०० गुणिले अडीच, म्हणजे टिनभर १७५० मिलिग्रॅम. सोडियमचं मीठ काढायला पुन्हा अडीचनं गुणायचं: ४३७५ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ ४.४ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. एकट्यानं टिन संपवला तर दिवसाचा कोटा तिथंच संपत आला, आणि भाजी, वरण, लोणचं, पापड अजून बाकीच आहेत.

म्हणून टिन वाढवायचा. ५० ग्रॅम मूगडाळ मीठ न घालता मऊ शिजवून, घोटून, पाण्यासकट ३०० मिली करा. लौकीच्या (दुधीच्या) दीडशे ग्रॅम फोडी वाफवून मिक्सरमधून काढा. हे दोन्ही तयार ६०० मिली सूपमध्ये घालून एक उकळी आणा. वरून जिरेपूड, मिरी, बारीक चिरलेला सांभार (कोथिंबीर) आणि शेवटी लिंबू. मीठ अजिबात नाही. पाच वाट्या होतात, आणि वरच्या हिशेबानं वाटीत ३५० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ०.९ ग्रॅम मीठ येतं. आंबट आणि तिखट असलं की जिभेला मीठ कमी असल्याचं फारसं जाणवत नाही, म्हणून लिंबू विसरू नका. डाळीमुळे वाटीमागे दोन-अडीच ग्रॅम प्रथिनं वाढतात ती वेगळी.

बीपीच्या माणसांसाठी 'लो सोडियम' टिन शोधताना शब्द नीट वाचा. अमेरिकेत 'लो सोडियम' म्हणजे सर्व्हिंगला १४० मिलिग्रॅम किंवा कमी. 'रिड्यूस्ड सोडियम' म्हणजे फक्त त्याच सूपच्या नेहमीच्या प्रकारापेक्षा २५ टक्के कमी. मूळ आकडाच ८०० असेल तर हे 'कमी' सूपही ६०० चं निघतं. आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं आहे: काही कमी सोडियमच्या सूपांत खारटपणासाठी पोटॅशियम क्लोराइड घालतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि बीपीची काही औषधं घेणाऱ्यांना जादा पोटॅशियम धोक्याचं ठरतं. सासूबाईंच्या डॉक्टरांना ते लेबल दाखवा.

एवढं मीठ घालतात ते सूप टिकावं म्हणूनच ना? लोणच्यासारखं?
— एक वाचक, महाल

नाही. हा समज इतका पक्का बसलाय की जरा सविस्तर लिहावं लागेल. लोणचं मिठानं टिकतं, मुरंबा साखरेनं, टिनमधलं सूप उष्णतेनं. मीठ केवळ चवीला असतं. कारखान्यानं ठरवलं तर शून्य मिठाचं सूपही तितकीच वर्षं टिकेल.

ही युक्ती निकोला ॲपेर या फ्रेंच माणसाची. तो मिठाया करणारा होता. १७९५ च्या सुमारास त्यानं प्रयोग सुरू केले: सूप, भाज्या, मांस काचेच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांत भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात तासन् तास ठेवायची. फ्रेंच सरकारनं १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँक दिले, पद्धत छापून सगळ्यांना खुली करायची या अटीवर. अन्न का टिकतं हे त्याला ठाऊक नव्हतं. हवा काढली म्हणून टिकतं असं लोक धरून चालले. सूक्ष्मजीवांची गोष्ट लुई पाश्चरनं १८६० च्या दशकात उलगडली, म्हणजे पद्धत आधी आली आणि कारण पन्नास वर्षांनी कळलं.

काच फुटते. म्हणून १८१० मध्येच इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं, आणि १८१३ पासून लंडनजवळच्या बर्मंडसीतल्या डॉन्किन आणि हॉल यांच्या कारखान्यातून डबे ब्रिटिश आरमाराला जाऊ लागले. पत्रा लोखंडाचा आणि त्यावर कथिलाचा पातळ थर. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात तीच ही धातू, कामही तेच: अन्न आणि खालची धातू यांची गाठ पडू द्यायची नाही. आजच्या टिनला आतून वर एक सोनेरी किंवा पांढरा लाखेसारखा लेपही असतो. टमाटरसारख्या आंबट पदार्थाला तो हवाच.

जाता जाता एक गंमत: हे डबे उघडायला छिन्नी-हातोडा लागायचा. टिन फोडायच्या उपकरणाचं पहिलं पेटंट १८५० च्या दशकातलं. चाळीस वर्षं डबे होते आणि ओपनर नव्हता.

आटवलेलं सूप १८९७ चं. कॅम्पबेल कंपनीतला जॉन डॉरन्स हा जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेला तरुण. सूपमधलं सगळ्यात जड आणि सगळ्यात स्वस्त काय, तर पाणी. ते गाडीभाडं देऊन गावोगाव का न्यायचं? त्यानं ते काढून घेतलं. डबा लहान झाला, भाडं घटलं आणि सूप १० सेंटला विकता आलं. प्रतापनगरच्या ताईंना जो 'गोळा' मिळाला त्याचा जन्म हा असा. त्याच कंपनीचे ३२ प्रकारचे डबे अँडी वॉरहॉलनं १९६२ मध्ये ३२ चित्रांत रंगवले, ती चित्रं आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत ठेवलेला मशरूम सूपचा टिन वरून फुगला. तारीख पुढच्या वर्षाची आहे. उकळून घेतलं तर चालेल का?
— एक वाचक, मानेवाडा

चालणार नाही. उघडूसुद्धा नका. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून कचरागाडीत द्या. गल्लीतली कुत्री आणि गाई फोडतील असा उघड्यावर टाकू नका. टिन गळत असेल तर ती फळी ब्लीचच्या पाण्यानं पुसा आणि हात साबणानं धुवा.

फुगण्याची कारणं चार: आंबट पदार्थानं पत्रा खाऊन तयार झालेला हायड्रोजन, सांध्यातून शिरलेले जिवाणू, उष्णतेत वाढणारे जिवाणू, आणि चौथं, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू. हा चौथा हवा नसलेल्या जागी वाढतो आणि त्याचं विष नसा लुळ्या पाडतं. चारपैकी कोणतं कारण आहे हे घरी बसून ओळखता येत नाही. वासावरून नाही, रंगावरून नाही, आणि चाखून तर मुळीच नाही. उकळण्याच्या भरवशावर मशरूम सूपचे चार पैसे वाचवायला जाऊ नका. असं काही कुणाच्या पोटात गेलंच आणि एकाचं दोन दिसणं, पापण्या जड होणं, जीभ अडखळणं, घोट गिळता न येणं यातलं काहीही झालं, तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. बहुधा १२ ते ३६ तासांत ही लक्षणं दिसतात, कधी काही दिवसांनीही. यावर प्रतिविष असतं आणि ते लवकर मिळावं लागतं.

आता गच्चीवरच्या खोलीबद्दल. टिन ३० अंशांच्या आत ठेवायचा असतो आणि ३८ च्या वर तो भराभर उतरतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापट दिवसांत, आपल्याकडे सावलीतच ४५ असतं. गच्चीवरची खोली, टिनाचं शेड, बंद गाडीची डिक्की ५० सहज ओलांडतात. कारखान्यातल्या उष्णतेतूनही काही बीजाणू (जिवाणूंची कवचातली झोपलेली रूपं) जिवंत राहतात. ते निरुपद्रवी समजले जातात, कारण नेहमीच्या तापमानाला ते उगवतच नाहीत. ५० ते ५५ अंश मात्र त्यांना मानवतात. त्यातले काही गॅस न करताच सूप आंबवतात: टिन सपाट, तारीख पुढची, आणि उघडल्यावर आंबूस वास. तोही फेकायचा.

मग ठेवायचा कुठे? खालच्या मजल्यावरच्या, आतल्या खोलीतल्या कपाटाच्या तळच्या खणात. कूलरच्या तोंडासमोर नको. तिथं गारवा असतो पण ओलही असते, आणि टिनच्या सांध्यावर गंज चढतो. बोटानं पुसून जाणारा गंज चालतो, खरवडावा लागणारा नाही. फ्रिजमध्ये न उघडलेला टिन ठेवायला हरकत नाही, फ्रीझरमध्ये मात्र कधीच नाही. आतलं पाणी गोठून फुगतं आणि सांधा उकलतो.

मुलगी पुण्यात होस्टेलवर आहे. घरचं टमाटरचं सार काचेच्या बरण्यांत भरून कुकरमध्ये चार शिट्ट्या दिल्या तर महिनाभर टिकेल का?
— एक आई, नंदनवन

तुमची कल्पना ॲपेरच्याच वळणावर गेलेली आहे, तरी करू नका. बोट्युलिनमचे बीजाणू १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात तासन् तास तग धरतात. ते मरायला १२१ अंश लागतात, आणि तेही डब्याच्या मध्यावर, जिथं उष्णता सर्वात शेवटी पोचते, तिथं सुमारे ३ मिनिटं. बाहेर किती तापलं याला अर्थ नाही. पातळ सार ढवळत फिरतं म्हणून लवकर तापतं. डाळ किंवा पीठ लावलेलं दाट सूप आतून थंडच राहतं.

आपला कुकर १२० च्या आसपास पोचतो हे खरं. पण बरणीच्या पोटात किती झालं ते शिट्टी सांगत नाही. शिट्टीगणिक दाब खालीवर होतो, छोटा कुकर झटक्यात तापतो आणि झटक्यात निवतो, आणि जॅमच्या बरणीचं जुनं झाकण पुन्हा हवाबंद बसेल याचा काही नेम नाही. ज्या देशांत घरी बरण्या भरायची रीत आहे तिथं यासाठी दाबमापक असलेला वेगळा मोठा कुकर वापरतात. त्यातही सूपला अर्ध्या लिटरच्या बरणीला ६० मिनिटं आणि एक लिटरला ७५ मिनिटं देतात, आणि मैदा, कॉर्नफ्लोअर, भात, शेवया, दूध, साय यातलं काहीही आधी घालू देत नाहीत. चार शिट्ट्या आणि ६० मिनिटं यात केवढं अंतर आहे बघा.

टमाटर आंबट आहे म्हणून चालेल, असंही कुणी सांगेल. धोक्याची रेषा पीएच ४.६ ची (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट). त्याच्या खाली बोट्युलिनम वाढत नाही. पिकलेला टमाटर नेमका या रेषेवर लोंबकळतो, कधी अलीकडे कधी पलीकडे. त्यात डाळ, गाजर, कांदा किंवा नारळ पडला की सार सहज पलीकडे जातं.

मुलीला कोरडं मिश्रण पाठवा. नागपूरचं ऊन यासाठी सोन्यासारखं आहे. घट्ट गराचे टमाटर धुऊन, पुसून अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा, स्टीलच्या चाळणीवर एकेक सुटी पसरा, वरून मलमल. एप्रिल-मेच्या उन्हात दोन-तीन दिवस, संध्याकाळी घरात आणायचं. चकती वाकली तर ओली आहे. कट्कन मोडली पाहिजे. एक किलोचे जेमतेम ५०-६० ग्रॅम होतात, घाबरू नका, टमाटरात पाणीच तेवढं असतं. दळा आणि लगेच हवाबंद करा. ही पूड हवेतली ओल ओढते. जूनमध्ये झाकण उघडं राहिलं की दगड झालाच. ३ मोठे चमचे पूड, २ मोठे चमचे खमंग भाजून दळलेली मूगडाळ, अर्धा लहान चमचा जिरेपूड, पाव चमचा मिरी, अर्धा चमचा साखर, पाव चमचा मीठ. यातले दोन मोठे चमचे आधी थोड्या गार पाण्यात कालवायचे, मग २०० मिली पाण्यात घालून चार मिनिटं उकळायचे. गरम पाण्यात थेट टाकलं तर डाळीच्या पिठाच्या गाठी होतात.

घरात खायचं असेल तर सार गोठवा. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत गार करा. उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. ३०० मिलीच्या डब्यांत वर दोन सेंटिमीटर जागा सोडून भरा. दोन-तीन महिने चांगलं राहतं. वीज गेली तर दार उघडू नका: गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास धरतो, अर्धा भरलेला २४.

आमचा बचतगट सूप टिनमध्ये भरून विकू पाहतोय. कुठून सुरुवात करावी?
— एक गट, कामठी रोड

परवान्याच्या आधी तापवण्याचं वेळापत्रक. प्रत्येक सूपसाठी, प्रत्येक मापाच्या डब्यासाठी किती अंश आणि किती मिनिटं हे तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावं लागतं. एका सूपचं वेळापत्रक दुसऱ्याला लावता येत नाही. नागपुरात पूर्वीच्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत, म्हणजे २०२३ पासून विद्यापीठ झालेल्या आपल्या एलआयटीत, अन्न तंत्रज्ञान शिकवलं जातं, तिथं चौकशी करा. लहान गटाला आमचा सल्ला कोरड्या मिश्रणाचा आहे. भांडवल कमी आणि धोकाही कमी.

'व्हेजिटेबल सूप' लिहिलेला परदेशी टिन शाकाहारीच असेल ना?
— एक वाचक, इतवारी

नावावर जाऊ नका. भारतात विकायला आलेल्या टिनवर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असलाच पाहिजे. बॅगेतून आलेल्यावर तो नसतो. भाज्यांच्या सूपचं पाणी गाईच्या हाडांचं असणं तिकडे अगदी नेहमीचं आहे. घटकांत 'बीफ स्टॉक', 'चिकन ब्रॉथ', 'जिलेटिन' शोधा. प्रकारांची नावंही सांगून टाकतो: कन्सोमे म्हणजे मांसाचं नितळ पाणी; बिस्क बहुधा झिंगे-खेकड्याचं; चाउडर दुधाचं दाट, त्यात शिंपले किंवा मका; फ्रेंच ओनियन दिसायला कांद्याचं, पण पाणी बहुतेक बीफचं. मिनेस्ट्रोनी भाज्या, राजमा आणि पास्त्याचं. त्यात मांसाचं पाणी असतंही, नसतंही. शाकाहारी घराला सगळ्यात उपयोगी 'लेंटिल' आणि 'स्प्लिट पी', म्हणजे मसूर आणि वाटाण्याच्या डाळीचं दाट वरणच. पोषणातही हीच दोन सरस, कारण प्रथिनं आणि चोथा दोन्ही मिळतात. त्यातही एकदा पाणी कशाचं ते वाचाच.

टिनमध्ये जीवनसत्त्वं उरतात का? पाकिटातलं सूप बरं की टिनमधलं?
— एक शिक्षिका, त्रिमूर्तीनगर

'क' जीवनसत्त्व आणि 'ब१' उष्णतेत बरंच जातं. 'अ'चे घटक, खनिजं, चोथा टिकतो, आणि भाजीतून पाण्यात उतरलेलं सूपमध्येच राहतं, कारण आपण ते पाणी पितो. टमाटरातलं लायकोपीन (त्याचा लाल रंग देणारं द्रव्य) तर शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं, थेंबभर तेल असेल तर आणखी. आमची तक्रार मिठाबद्दल आहे, आणि टमाटर सूपमधल्या साखरेबद्दल. मधुमेह असेल तर तो आकडाही वाचा.

पाकिटाचं म्हणाल तर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या तिनांत कॉर्नफ्लोअर, साखर आणि मीठ असेल तर ते सूप म्हणजे चव लावलेली खळ. त्यापेक्षा टिन बरा, आणि टिनपेक्षा घरचं डाळीचं पाणी.

थोडक्यात उत्तरं

पोचा पडलेला टिन: मधोमध उथळ पोचा चालतो. काठावर, उभ्या सांध्यावर, किंवा बोट रुतेल इतका खोल असेल तर टाका.

तारीख: अमेरिकन टिनवर महिना आधी असतो. ०४/०६ म्हणजे ४ जून नव्हे, ६ एप्रिल.

उरलेलं सूप: टिनमध्ये ठेवू नका, हवा लागली की धातूची चव उतरते. स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात, फ्रिजमध्ये, तीन दिवस.

टिन गॅसवर ठेवून गरम करणं: नाही. बंद असेल तर फुटतो, उघडा असेल तर आतला लेप जळतो.

टमाटर सूपमध्ये दूध फाटतं: आंबट आणि उकळी एकत्र आली की दुधातलं प्रथिन गोळा होतं. दाट सूप गार असतानाच दूध थोडंथोडं घालत घोटा, मग मंद आचेवर ठेवा, आणि काठाला बुडबुडे दिसू लागले की उतरवा. लिंबू पिळायचं असेल तर त्या दिवशी दूध नको.